तारीखवाले आबा

शरद म्हटलं की शिकलेल्या माणसाला टिपूर चांदणं आठवतं, कोजागिरीचं आटवलेलं दूध आठवतं. सास्तूरच्या आबांना काळं द्राक्ष आठवतं. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी निवडून वाढवलेली ‘शरद सीडलेस’ ही जात आबांच्या बागेत एक एकर आहे. त्यामुळे मी एकदा लातुराहून गेल्या गेल्या, हवा छान पडली होती म्हणून, “आबा, शरद आला बरं का,” असं म्हणालो तेव्हा आबा खाटेवरून ताडकन उठून बसले आणि म्हणाले, “कुठं आला? रेट काय निघाला?”

आबांचं खरं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. तेरणेच्या खोऱ्यात सास्तूर-माकणीपासून किल्लारीपर्यंत, उसाच्या आणि सोयाबीनच्या मधोमध ज्याने ज्याने लोखंडी अँगल रोवून तारा ताणल्या आहेत, तो प्रत्येक जण थोडाफार आबाच असतो. आमचे आबा फक्त त्यांतले अस्सल.

वय साठीला टेकलेलं. अंगात पांढरा सदरा, पण तो पांढरा होता हे आठवावं लागतं, कारण बोर्डोच्या फवारणीने त्याचा रंग आता श्रावणातल्या आभाळासारखा झाला आहे. गळ्यात तुळशीची माळ. वरच्या खिशात चष्मा आणि बाजूच्या खिशात छाटणीची कात्री. ही कात्री बारसं, लग्न, मयत, तहसील, सगळीकडे बरोबर असते. एकदा पंढरपुरात गर्दीच्या दिवशी पोलिसाने झडती घेतली आणि कात्री बाहेर काढून विचारलं, “हे काय?” आबा म्हणाले, “छाटणीसाठी हाय साहेब.” पोलिसाने विचारलं, “कुणाच्या?” त्यानंतरचा अर्धा तास आबांनी पोलिसाला खरड छाटणी आणि गोडी छाटणी यांतला फरक समजावण्यात घालवला. पोलीस कंटाळून कात्री परत देऊन गेला. पांडुरंगाचं दर्शन राहिलं ते राहिलंच.

फरक आपल्यालाही समजून घ्यायला हवा, नाहीतर आबा समजणार नाहीत. जगात जिथं जिथं द्राक्षाला मान आहे, तिथं शरद म्हणजे काढणी. फ्रान्समधल्या बोर्डोत सप्टेंबर-ऑक्टोबरात घड उतरवतात, रस काढतात, पाहुणे बोलावतात, जेवणावळी उठतात. आपल्याकडे नेमक्या त्याच दिवसांत माणसं हातात कात्र्या घेऊन उघड्याबोडक्या काड्यांकडे बघत उभी असतात. तिकडची वेल हिवाळ्यात थंडीने झोपते आणि वसंतात आपली आपण उठते. आपल्या वेलीला झोपायला पुरेशी थंडीच मिळत नाही. मग तिला वर्षातून दोनदा कापावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून. ऑक्टोबरात गोडी छाटणी, त्या काडीवर घड यावा म्हणून. कापणं दोनदा, पीक मात्र एकदाच. आबा म्हणतात, “दोन बार हळदी आन् एकच वरात, आसा धंदा हाय ह्यो.”

तर या गोडी छाटणीची तारीख हा आबांच्या आयुष्यातला मुख्य प्रश्न. बाकीचे प्रश्न, म्हणजे मुलाची नोकरी, गुडघ्याचं दुखणं, सोसायटीचं कर्ज वगैरे, हे त्याच्या पदरात बसणारे.

प्रश्न खरोखरच अवघड आहे, हे मला मान्य. सप्टेंबरात लवकर छाटावं तर माल जानेवारीत तयार होतो, बाजारात दुसरा माल नसतो, व्यापारी दारात येऊन चहा पितो. पण लवकर छाटावं तर कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते. माकणीच्या धरणाची दारं उघडतात, रानात सोयाबीनच्या गंजी भिजून मोड येतात, आणि बागेत पानाच्या वर तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी, म्हणजे डाऊनी. एका रात्रीत घड कुजून जातात. उशिरा, म्हणजे दसरा-कोजागिरी उलटून छाटावं तर पाऊस टळतो, पण माल फेब्रुवारी-मार्चात येतो. तेव्हा सांगली, सोलापूर, नाशिक सगळ्यांचा माल एकदम आलेला असतो आणि तोच व्यापारी फोन उचलत नाही. म्हणजे लवकर छाटणाऱ्याला पाऊस मारतो आणि उशिरा छाटणाऱ्याला बाजार. मधली एखादी तारीख असेल जिथं दोघांचीही नजर चुकवता येईल, अशी आबांची श्रद्धा आहे. ती तारीख ते गेली तीस वर्षं शोधत आहेत.

त्यासाठी घरात तीन कॅलेंडरं. सोप्यात कालनिर्णय, देवघरात पतसंस्थेचं, आणि बागेतल्या शेडमध्ये कृषी सेवा केंद्राचं, ज्याच्यावर देवादिकांच्या जागी कीटकनाशकांच्या बाटल्यांचे फोटो. तिन्हीवर शिसपेन्सिलीच्या खुणा. पेन्सिल अशासाठी की खोडता यावं. नातीचं खोडरबर गणपतीत नवं आणलेलं असतं, ते घट बसेपर्यंत शेंगदाण्याएवढं होतं. आबांचा हिशोब सरळ असतो: छाटणीपासून १३० दिवसांनी माल. १० ऑक्टोबरला छाटलं तर १७ फेब्रुवारी. २० सप्टेंबरला छाटलं तर २८ जानेवारी. हे दिवस मोजण्यासाठी ते बोटाची पेरं वापरतात. मधे कुणी हाक मारली की पुन्हा १ पासून. माईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, एकदा मला चहा देताना हळूच सांगितलं, “आमच्या लग्नाची तारीख मामंजीनी काढली म्हणून झालं बघा लगीन. ह्यांच्यावर सोडलं आस्तं तर आजून मी माहेरीच ऱ्हायले आस्ते.”

तारीख ठरवायला आबा सगळ्यांना विचारतात. आणि सगळे म्हणजे सगळे. भूकंपानंतर वसलेलं आमचं नवं गाव लांबरुंद. जुन्या गावात ओट्यावरून ओट्यावर बोलणं व्हायचं, इथं शेजाऱ्याला हाक ऐकू जात नाही. म्हणून आबा फोन करतात. पहाटे साडेपाचला लातुरात माझा फोन वाजतो. “मास्तर, तिकडं ढग हायत का?” मी गच्चीवर जाऊन बघतो. “आहेत थोडे, आबा.” “कोणत्या अंगाला?” “पश्चिमेला.” “काळे का भुरे?” मी शाळेत भूगोल शिकवतो, पण ढगाचा एवढा तपशील मला पाठ्यपुस्तकातसुद्धा लागलेला नाही. माझ्यानंतर ते तुळजापूरकडच्या मेव्हण्याला, मग सोलापूरच्या भाच्याला विचारतात, मग हवामानाचा अंदाज सांगणाऱ्यांचे व्हिडिओ बघतात. दोघा अंदाजवाल्यांचं एकमत झालं की त्यांना संशय येतो. न्हाव्याला विचारतात. एसटीच्या कंडक्टरला विचारतात. कंडक्टर म्हणाला, “आबा, मला बागेतलं काय कळतंय?” तर आबांचं उत्तर, “म्हणूनच इचारायलोय. ज्याला कळतंय त्याचं आजपत्तर एकदा बी खरं झालं न्हाई.”

ज्यांना कळतं त्यांचीही एक जमात आहे, तिची ओळख करून दिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. हा बागेचा सल्लागार. एकराप्रमाणे फी घेतो, महिन्यातून ठरावीक वेळा जीपमधून येतो, डोळ्यांवर गॉगल. बागेत शिरला की एक काडी मोडतो, डोळ्यापाशी धरतो, “हं” म्हणतो. पाच पावलं पुढं जाऊन दुसरी मोडतो, “हं हं” म्हणतो. मग वहीत औषधांची यादी लिहून देतो आणि जीप धुरळा उडवत पुढच्या बागेत जाते. त्या यादीतलं शेवटचं औषध कृषी सेवा केंद्रात सहसा नसतं आणि त्याच्या जागी जे मिळतं ते दीडपट महाग असतं. आबा या माणसाला देव मानतात, पण देवाचं ऐकतात असं नाही. सल्लागाराने ५ ऑक्टोबर सांगितली की आबा ‘बरं’ म्हणतात आणि जीप वळणाआड गेली की कॅलेंडरवरची ५ खोडतात. “त्यानं पन्नास बागा धरल्यात. पन्नास जणांला एकच तारीख. माल एकदम आला तर मेलो की आमी.”

मग एक वर्षी आबांना तोडगा सुचला. बाग सव्वातीन एकर, तुकडे चार. चार तुकड्यांना चार तारखा! एक पावसाला, एक बाजाराला, एक सल्लागाराला आणि एक देवाला. थॉमसनचा तुकडा आधी, शरद नंतर, सोनाका त्याच्या मागून. तास-ए-गणेश सगळ्यात शेवटी. ही जात तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी काढलेली, नावातच गणपती आहे म्हणून आबा त्या तुकड्याला चतुर्थी बघूनच हात लावतात. कल्पना कागदावर उत्तम होती. झालं असं की छाटणीची टोळी चारदा येईना. पहिल्यांदा आली, दुसऱ्यांदा नवरात्रात तुळजापूरला पायी गेली ती कोजागिरीनंतरच परतली. फवारणीचं तर त्याहून अवघड. एका तुकड्यात डोळे पोंग्यात, दुसऱ्यात तीन पानं, तिसऱ्यात फुलोरा, चौथा अजून नागडा. कुठं काय मारायचं हे लक्षात राहावं म्हणून आबांनी प्रत्येक तुकड्याच्या अँगलला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली. वाऱ्याने चिंध्या उडाल्या. फुलोऱ्यातल्या घडांवर पोंग्याचं औषध गेलं. तरी त्या वर्षी सरासरी बरी पडली, म्हणून चार तारखांची पद्धत कायम झाली. माई म्हणतात, “पूर्वी एकदाच डोस्कं फिरायचं, आता चारदा फिरतंय.”

बोर्डोविषयी मी आबांना एकदा सांगितलं, आणि त्याचा मला अजून पश्चात्ताप होतो. बोर्डो मिश्रण ही आबांची सगळ्यात आवडती गोष्ट. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. मोरचूद प्लास्टिकच्या बॅरलात, लोखंडी पिंपात नाही. दोन्ही पाणी एकत्र ओतून झालं की त्यात विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. हे काम आबा दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. पूजा सांगावी तसे बसतात. मी म्हणालो, “आबा, बोर्डो हे गावाचं नाव आहे, माहीत आहे का?” त्यांना वाटलं बोर्डो म्हणजे कंपनी. मग मी सांगितलं की फ्रान्समध्ये बोर्डोच्या आसपास द्राक्षांचा मोठा मुलूख आहे, तिथली दारू जगात नावाजलेली. तिथले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर चुना आणि मोरचूद मारायचे. रोगासाठी नाही, चोरांसाठी. येणाऱ्या-जाणाऱ्याने घड तोडू नयेत, विष मारलंय असं वाटावं म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या त्या निळ्या वेली निरोगी आहेत आणि आतल्या डाऊनीने पानं गाळून बसल्यात. त्याने प्रयोग केले, १८८५ साली जगाला सांगितलं.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजे चोरावर मारलं आन् रोगाला लागलं?”

“हो.”

“आन् आमी रोगावर मारतो, तर चोराला कामून लागंना?”

त्या वर्षी आबांनी मण्यात पाणी उतरल्याबरोबर रस्त्याकडेच्या दोन ओळींवर दाट चुना मारला. घड एवढे पांढरेनिळे झाले की शाळेची पोरं खरंच फिरकली नाहीत. व्यापारीही फिरकला नाही. धुतल्याशिवाय माल घेणार नाही म्हणाला, आणि धुतला तर मण्यावरची लव जाते, मग भाव पडतो. त्या दोन ओळींची द्राक्षं शेवटी आम्ही लातुरात फेब्रुवारीभर धुऊन धुऊन खाल्ली. आबा मात्र अजून भेटेल त्याला सांगतात की फ्रान्सचा आणि आपला फॉर्म्युला एकच आहे, फक्त तिकडचे चोर अडाणी.

दारूचा आणि आबांचा संबंध म्हणाल तर एवढाच, आणि तोही उलटा. छाटणी झाली की लगेच काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावतात, हायड्रोजन सायनामाइडची. सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून. थंडीने जे काम बोर्डोत फुकट होतं ते इथं विकतच्या औषधाने करून घ्यायचं. हे औषध अंगावर गेलं आणि माणूस आगेमागे दारू प्यायलेला असला, तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, श्वास लागतो, दवाखाना गाठावा लागतो. त्यामुळे पेस्टच्या आदल्या दिवसापासून आबा टोळीच्या मुकादमाला हात जोडतात, “बाबांनो, चार दिस माळ घातल्यागत ऱ्हावा.” हातात रबरी मोजे घालायला लावतात, आणि सकाळी कामाला लागायच्या आधी प्रत्येकाच्या तोंडाचा वास घेत रांगेतून फिरतात. ज्या फळाची जगभर दारू होते त्या फळाच्या बागेत ऑक्टोबरातले हे दिवस एवढे सोवळे असतात की गावातल्या देशी दुकानदाराच्या कॅलेंडरवरही आबांच्या छाटणीची खूण असावी.

आबांना खरी वाइन बघायला मिळाली ती दुसऱ्या एका भाच्यामुळे. हा भाचा पुण्यात संगणकावर काम करतो. त्याने मामांना गाडीत घालून नाशिकला नेलं, गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वायनरीत. महिना जानेवारी. आबांनी आधी बाग बघितली आणि नाराज झाले. मणी हरभऱ्याएवढे, साल जाड, आत बिया. “ह्यो माल कोण घेतंय?” मग एका गार खोलीत सगळ्यांना उभं करून एका मुलीने चष्म्याच्या भिंगाएवढी वाइन काचेच्या पेल्यात ओतली आणि सांगितलं, आधी गोल फिरवा, मग वास घ्या, कशाकशाचा वास येतो ते सांगा. कुणी म्हणालं लिची. कुणी म्हणालं ओलं गवत. आबा माळकरी, पिणार नव्हते, पण वासाला माळेची हरकत नाही असं त्यांनी ठरवलं. पेल्यात नाक घालून डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, “ह्याची साखर चोवीस आसंल तोडताना. पाणी लई आधी तोडलंय. आन् शेवटची फवारणी गंधकाची.” मुलीला काय बोलावं कळेना. तिने वाइन तयार करणाऱ्या साहेबांना बोलावलं. साहेब आणि आबा मग दोन तास बाहेर, मुळाजवळ उकिडवे बसून बोलत होते. डॉगरीज खुंटावर, म्हणजे ज्या मुळावर वेलीचं कलम करतात त्यावर. हा खुंट मूळचा अमेरिकेतला, आणि बोर्डोच्या बागांना शंभर-दीडशे वर्षांमागे मुळांवरच्या किडीने खाल्लं तेव्हा त्यांनाही अमेरिकन खुंटच वाचवायला आले, हे साहेबांनी सांगितलं. आबांना फार बरं वाटलं. परत येताना गाडीत म्हणाले, “मोठ्या लोकांच्या बी मुळ्या उसन्याच हायत की.”

आबाही एकदा वाइनच्या द्राक्षांकडे वळणार होते. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांचं धोरण आणलं, विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क झाले, आणि काही वर्षं सगळीकडे एकच बोलणं: खायची द्राक्षं उपटा, वाइनची लावा, कंपनी करार करते, भाव बांधून देते. आबांनी माती तपासली, खुंट ठरवले, कर्जाचा अर्ज आणला. लागवडीची तारीख तेवढी ठरेना. एका वर्षी पाऊस आड आला, दुसऱ्या वर्षी अधिक महिना. तेवढ्यात २००८-०९च्या सुमाराला वाइनचा बाजार बसला, नाशिककडच्या बागायतदारांवर वाइनच्या बागा काढायची पाळी आली. आबांनी अर्जाच्या कागदाच्या मागच्या बाजूला फवारणीचा हिशोब लिहिला. आयुष्यात तारीख न ठरल्यामुळे झालेला हा त्यांचा एकमेव नफा, आणि ते तो स्वतःच्या दूरदृष्टीच्या खात्यावर मांडतात.

जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू द्यायचं ठरवलं तेव्हा आबांची फार ओढाताण झाली. विरोध पेटला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. आबा सकाळी भजनी मंडळात निषेधाच्या ठरावावर सही करून आले आणि दुपारी द्राक्ष बागायतदारांच्या बैठकीत पाठिंब्याच्या ठरावाला हात वर करून आले. मी विचारलं, “आबा, हे कसं?” म्हणाले, “माळ गळ्यात हाय, हात मोकळा हाय.”

मार्चात आबांकडे जाऊ नये. मार्चात ते बाग काढतात. म्हणजे दरवर्षी काढणारच असतात. एखाद्या साली व्यापारी निम्मे पैसे देऊन जातो आणि उरलेल्या निम्म्याचा चेक वटत नाही, फोन बंद, दिलेल्या पत्त्यावर चपलांचं दुकान. एखाद्या साली गारा. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, तेव्हा आबांनी टँकरच्या पाण्यावर वेली नुसत्या जिवंत ठेवल्या. एक घड धरला नाही. दर मार्चात ते अँगलचा, तारांचा मोडीच्या भावाने हिशोब करतात, जेसीबीवाल्याला फोन लावतात, “उद्या ये” म्हणून सांगतात. जेसीबीवाला येत नाही. त्याला अनुभव आहे. तो म्हणतो, “आबा, तारीख नक्की करून कळवा.” एप्रिलात खरड छाटणी होते. आणि ऑगस्ट संपता संपता, पोळ्याच्या आसपास, आबा पुन्हा सोप्यात बसून पेन्सिलीला टोक काढत असतात.

तिन्ही कॅलेंडरांवर एक चौकोन मात्र दरवर्षी कोरा असतो. ३० सप्टेंबर. त्याच्या आधी खुणा, नंतर खुणा, त्यावर काही नाही. मी बरीच वर्षं समजत होतो की तो पावसाच्या हिशोबाने सोडलेला आहे. मग माईंनी सांगितलं.

१९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून गाव उशिरा निजलं. आबा तेव्हा पंचविशीतले, बाग नवी, पहिलीच गोडी छाटणी. टोळी उजाडता येणार होती. कात्रीला धार लावून, सकाळी उशीर नको म्हणून, ते बागेतल्या कोपीत निजायला गेले. माई पहिल्या बाळंतपणाला माहेरी. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगड-मातीच्या भिंती, वर माळवदाचा बोजा. गावंच्या गावं बसली. लातूर आणि उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसं गेल्याचा सरकारी आकडा आहे. त्यात आबांचे आई-वडील होते. मी तेव्हा सातवीत होतो, आमचं घर त्यांच्या घराला लागून. मला बाहेर ओढून काढणाऱ्यांत आबा होते, हे मला घरच्यांनी सांगितलेलं; मला त्यातलं फक्त कुणाच्या तरी खिशातली कात्री गालाला टोचत होती एवढं आठवतं.

“त्या पहिल्या छाटणीला न्हाई हो ह्यांना येळ लागला तारीख काढायला,” माई म्हणाल्या. “सोयरीक बघायला आलते तसंच. बसल्या बसल्या म्हणले, तीस तारीख. झालं.”

ती छाटणी त्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झाली, पत्र्याच्या शेडमध्ये राहून, बाहेरगावाहून कामाला आलेल्या अनोळखी माणसांच्या मदतीने. माल एप्रिलमध्ये आला. एप्रिलमध्ये द्राक्षाला कोण विचारतं? आबांनी क्रेट भरभरून शेडशेडमधून वाटली. यावर ते स्वतः कधी बोलत नाहीत. फक्त कुणी फार उशिरा छाटायचं म्हणालं की आकडा सांगतात. “नोव्हेंबरचा अनुभव हाय मला. साखर बावीस, भाव शून्य.”

परवा पहाटे फोन आला. तारखा पक्क्या झाल्या म्हणाले. थॉमसन ४ ऑक्टोबर, शरद ९, सोनाका १४, तास-ए-गणेश चतुर्थी बघून. मी कागदावर लिहून घेतल्या. सात वाजता पुन्हा फोन: शरद ११. नऊ वाजता, मी वर्गात असताना: सोनाकाचं आजून बघू, ढग कसे हायत?

माल फेब्रुवारीत सुरू होईल. तुम्ही त्या बाजूला आलात तर सास्तूरला उतरा, आबांची बाग कुणीही दाखवेल. द्राक्षं पोटभर खा, पैसे विचारू नका, रस्त्याकडेच्या दोन ओळींतली धुऊन खा. तारीख तेवढी सुचवू नका. बागेचे तुकडे चारच आहेत.